मुखवट्यातल्या पोरीला रविवार पुरवणीत जागा द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकांचं पत्र आलं होतं. तोंड झाकून गुंडांना ठोकणाऱ्या बायकांच्या चित्रकथा शाळकरी मुली मोबाइलवर वाचतात, त्यातून कायदा हातात घ्यायचं शिक्षण मिळतं, शाळांनी त्यावर बंदी आणावी, असं त्यांचं म्हणणं. मी पोलीस खात्यात शिपाई म्हणून भरती झाले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. नोकरी सगळी सांगली जिल्ह्यात. काही काळ ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, काही काळ नियंत्रण कक्षात वायरलेसवर. कायदा हातात घेतला की काय होतं हे मी जवळून पाहिलंय, म्हणून मला या विषयावर लिहायचंय आणि आपल्याकडे एक मागणीही करायचीय.

त्या वाचकांनी चित्रकथेचं नाव दिलं नव्हतं. माझी नात आठवीत आहे. तिच्या मैत्रिणींत सध्या फिरतेय ती प्रियाची मालिका. पहिला भाग २०१४ साली आला, ‘प्रियाज शक्ती’. पुढे २०१६ मध्ये अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या मुलींवरचा, २०१९ मध्ये मुलींच्या विक्रीवरचा आणि २०२० मध्ये करोनाच्या दिवसांतला भाग. मी सगळे भाग वाचले. इंग्रजी मला अडखळत येतं, तिथे नातीने वाचून दाखवलं. शेवटी गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून पानं छापून आणली, कारण मोबाइलवर चित्रं बारीक दिसतात आणि मला ती नीट बघायची होती.

प्रिया खेड्यातली मुलगी. तिच्यावर बलात्कार होतो. घरचे आणि गाव तिलाच बाहेर काढतात. ती रानात जाते, तिथे वाघ तिच्या मागावर येतो. पार्वती तिच्या पाठीशी उभी राहते आणि ज्या वाघाला ती भीत होती त्याच वाघावर बसून ती गावात परत येते. आता त्या वाचकांनी कृपा करून पुढची पानं उघडून पाहावीत. वाघावर बसून आलेली प्रिया कोणाचा गळा कापत नाही. ती गावासमोर उभी राहून बोलते. मुलींना शिकवा, जिच्यावर अन्याय झाला तिला दोष देऊ नका, गप्प बसू नका, एवढंच. मारामारी शोधायला गेलेल्या माणसाची इथे निराशाच होईल.

ही मालिका कशी सुचली ते कळल्यावर मला रात्रभर झोप आली नाही. तिचे कर्ते राम देवीनेनी डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत होते. निर्भयाच्या प्रकरणानंतर लोक रस्त्यावर उतरले होते. तिथे बंदोबस्ताला असलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याशी ते बोलले. त्या अधिकाऱ्याचं म्हणणं असं पडलं की चांगल्या घरची मुलगी रात्री एकटी फिरत नाही. देवीनेनींनी ही गोष्ट मुलाखतींमध्ये सांगितली आहे. म्हणजे या सगळ्या चित्रकथेचं मूळ एका खाकी वर्दीतल्या माणसाच्या वाक्यात आहे. ते वाक्य मी आमच्या ठाण्यांतही ऐकलंय, फिर्यादीला आलेल्या पोरीच्या तोंडावर, तिच्या बापाच्या देखत. ज्यांनी ते उच्चारलं ते सगळे वाईट अधिकारी नव्हते. काही तर तपासात फार तरबेज होते. पण त्या एका वाक्यानंतर मुलगी जबाब देत नाही. खाली मान घालून बसते आणि बाप म्हणतो, “साहेब, तक्रार नको, त्या पोराला नुसती समज द्या.”

समज देऊन सोडलेल्या पोरांची गोष्ट मी वाचकांना सांगते. अकरावीतली मुलगी, खेड्यातून तालुक्याला एसटीने येणारी. स्टँडपासून कॉलेजपर्यंत दोन पोरं मोटारसायकलवर रोज मागे. मुलीने घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पोरांचं काही न होता तिचंच कॉलेज बंद झालं असतं. हे तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं आणि कॉलेज बंदच झालेलं होतं. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम ३५४ ड, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलम होतं, ठाणं होतं, मी स्वतः त्या ठाण्यात बसलेली होते. पोरगी आणि माझं टेबल यांच्यात अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. ते अर्धा किलोमीटर चालून यायचं बळ तिला कोणी दिलं नव्हतं. असं बळ एखाद्या चित्रकथेतून मिळत असेल तर मी ती चित्रकथा शाळेच्या फाटकावर उभी राहून वाटीन.

आता कायदा हातात घेण्याचा मुद्दा. तो हलका नाही आणि मी तो हलका करणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे लोक होते ते. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्याला, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना त्याच संशयावरून बेदम मारहाण झाली. त्यांचं नशीब की जीव वाचला. या दोन्ही ठिकाणी जमावातल्या कोणाच्या खिशात चित्रकथा नव्हती, मोबाइलवर फिरणारी अफवा होती. आणि मारणाऱ्यांना मुखवट्याची गरजच पडली नाही, कारण गर्दी हाच त्यांचा मुखवटा होता. चित्रकथांतली गुन्हेगारांमागे जाणारी बाई आणि हा जमाव यांत फरक असा आहे की ती आधी बघते, शोधते, खात्री करते. पुराव्यामागे जाते. गर्दीला पुरावा लागत नाही.

दुसरी एक घटना याहून अवघड आहे. १३ ऑगस्ट २००४, नागपूर. कस्तुरबानगरच्या वस्तीला वर्षानुवर्षं छळणाऱ्या गुंडाला बायकांच्या जमावाने भर न्यायालयात ठार मारलं. पुढे २०१४ मध्ये आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. तो मारला गेला तेव्हा मी नोकरीत होते आणि आमच्या महिला कक्षात त्या दिवशी कोणी फारसं बोललं नाही. मारणं गुन्हाच आहे, माझ्यासमोर घडलं असतं तर मी गुन्हा दाखल केला असता. पण त्या बायका आधी किती वेळा पोलिसांकडे गेल्या होत्या, हा प्रश्न ज्याने वर्दी घातलीय त्याने स्वतःला विचारलाच पाहिजे. फिर्याद लिहून घेतली जात नाही तिथे माणसं कायदा हातात घेतात. म्हणून तर २०१३ च्या दुरुस्तीने बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला अशा गुन्ह्यांची खबर नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाच किमान सहा महिने सक्तमजुरी ठेवली. नव्या संहितेत ते कलम १९९ आहे. किती मुलींना हे ठाऊक आहे? कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

कायद्याने सामान्य माणसाला जे दिलंय तेही कोणी सांगत नाही. न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ वाचा. स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही बळ वापरता येतं. बलात्काराच्या किंवा अ‍ॅसिड फेकण्याच्या हल्ल्यात तर हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा बचाव करणाऱ्याच्या बाजूला उभा राहतो. मात्र पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ४० असं सांगतं की दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा तुमच्यासमोर घडला तर तुम्ही, म्हणजे कोणीही साधा माणूस, गुन्हेगाराला पकडू शकता. फक्त विनाकारण वेळ न लावता, सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. चित्रकथा लिहिणाराला याहून चांगला नियम कुठे मिळेल? आपल्या नायिकेने चोर पकडावा, आणि घड्याळ सुरू. सहा तासांत तो जिवंत, धडधाकट ठाण्यात पोचला पाहिजे. मुलं श्वास रोखून वाचतील आणि कलमही पाठ होईल.

वाचकांना कदाचित वाटत असेल की हे खूळ मोबाइलबरोबर आलं. तसं नाही. मुखवटा घालून गुन्हेगारांमागे जाणाऱ्या बाया चित्रकथांत १९४० पासून आहेत, आणि पहिल्यांपैकी एक पोलीसच होती. मार्च १९४० मधली ‘वुमन इन रेड’. वर्दीतली पेगी अ‍ॅलन लाल झगा आणि मुखवटा चढवून तपासाला निघायची. त्याच वर्षी जूनमध्ये ‘लेडी लक’ आली, तीही वर्तमानपत्रांच्या रविवारच्या चित्रपुरवणीत. आणि ६ एप्रिल १९४१ ला, पुन्हा रविवारच्याच पानावर, ‘मिस फ्युरी’. तिच्याकडे दैवी शक्ती वगैरे काही नव्हती, काळ्या बिबट्याच्या कातड्याचा पोशाख आणि हिंमत. ती लिहिणारी-काढणारी टार्पे मिल्स स्वतः बाई होती. जून हे आपलं पहिलं नाव तिने गाळलं, कारण बाईने काढलंय हे कळलं तर वाचक घेणार नाहीत अशी धास्ती. ज्या वंडर वुमनचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे ती आली त्यानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस.

माझी सगळ्यात आवडती मात्र बार्बरा गॉर्डन. १९६७ ची बॅटगर्ल. पोलीस आयुक्ताची मुलगी, दिवसा ग्रंथालयात काम करणारी. पुढे १९८८ च्या कथेत तिला गोळी लागते आणि ती व्हीलचेअरवर येते. लेखकांनी तिथे तिला संपवलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. तिला त्यांनी संगणकापुढे बसवलं. सगळ्या शहराची माहिती तिच्याकडे येते आणि कोणी कुठे जायचं हे ती सांगते. नात हे सांगत होती तेव्हा मला आमचा नियंत्रण कक्ष दिसत होता. २०१९ च्या पुरात सांगली बुडाली तेव्हा वायरलेसवर बसलेल्या माणसांना खुर्ची सोडता येत नव्हती. पाण्यात होड्या घेऊन गेलेल्यांचे फोटो छापून आले, ते योग्यच झालं. पण कोणत्या गल्लीत कोण अडकलंय हे सांगणारा आवाजही कुणाचा तरी होता. खुर्चीत बसूनही माणूस लढू शकतो हे मुलांना चित्रातून कळावं.

आमच्या लहानपणी चित्रकथा म्हणजे इंद्रजाल कॉमिक्स. वेताळ, मॅन्ड्रेक, नंतर बहादूर. भाऊ आणायचे, आम्ही बहिणी त्यांचं झाल्यावर वाचायचो. सगळे बाप्ये. वेताळाची डायना धीट होती खरी, पण गोष्ट तिची नव्हती. मराठीत रोजच्या बोलण्यातली, आपल्या रस्त्यांवरून जाणारी, गुन्हेगारांच्या मागावरची मुलगी मला तेव्हा मिळाली नाही, आणि आज नातीलाही वाघावरची प्रिया इंग्रजीतून वाचावी लागते. हे मला मान्य नाही.

आपल्या मातीत अशा बाईची वानवा आहे म्हणावं तर तेही खोटं. हणमंतवडियेच्या हौसाताई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या तुफान सेनेच्या दिवसांत भवानीनगरच्या पोलिसांपुढे नवरा-बायकोच्या मारहाणीचं नाटक झालं. हौसाताई जमिनीवर पडलेल्या, मारणारा दगड उचलून धावतोय. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले, आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. एकदा गोव्यात पोर्तुगीजांच्या कैदेतल्या साथीदारासाठी गेल्या तेव्हा परतताना लाकडी खोक्यावरून मांडवी नदी पार केली. हे त्यांनी म्हातारपणी स्वतःच्या तोंडून सांगितलंय. २०२१ मध्ये त्या गेल्या. ती नक्कल आणि ती नदी कागदावर काढली तर कुठल्या परदेशी नायिकेची गरज आहे? नाना पाटलांच्या पत्री सरकारनेही, म्हणजे इंग्रजांना डावलून चालवलेल्या समांतर सरकारनेही, गावगुंडांना आणि बायकांवर हात टाकणाऱ्यांना शिक्षा केल्या, आणि तेही कायदा हातात घेणंच होतं, पण राज्य परक्याचं होतं. आज संविधान आपलं आहे, म्हणून आजच्या नायिकेने गुन्हेगार ठाण्यात आणला पाहिजे. हा फरक गोष्टीतच यावा, मुलं तो समजून घेतील.

तेव्हा माझी मागणी अशी. आपल्या रविवार पुरवणीत अर्धं पान द्या. एका मराठी चित्रमालिकेला, जिची नायिका आपल्या भागातली, गुन्हेगारांमागे जाणारी मुलगी असेल. आणि ती एखाद्या मुलीकडून काढून घ्या. जिल्ह्यात चित्रकला शिकणाऱ्या पोरी भरपूर आहेत, त्यांना नाव लपवायला लागू नये. पेपरातच का, असं कोणी विचारेल. मुलीच्या मोबाइलवरची गोष्ट बापाला दिसत नाही. पेपर घरात येतो, चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, सोसायटीच्या ऑफिसात पडलेला असतो. ही गोष्ट मुलींइतकीच बापांनी, भावांनी आणि ठाण्यातल्या अंमलदाराने वाचायला हवी. प्रियाच्या तिसऱ्या भागात विकलेल्या मुली सुटून परत येतात आणि गावच त्यांना जवळ करत नाही. ते पान फक्त मुलींनी वाचून काय उपयोग?

नायिका कशी असावी याबद्दल माझ्या मनात चित्र तयार आहे. ती राजकन्या नको. ती एसटीची कंडक्टर असावी, विटा-आटपाडी रस्त्यावरची. कोणती मुलगी कुठे चढते, कोण रोज विनाकारण तिच्या मागच्या सीटवर बसतो, कुठल्या थांब्यावर दिवा नाही, हे कंडक्टरइतकं कोणालाच कळत नाही. मुखवटा वेगळा शिवायला नको. उन्हात स्कूटीवर जाणारी प्रत्येक मुलगी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधते, शंभर जणींत ही कोण ते कळणारच नाही. अंगात ताकद कुठून आली तर तालमीतून. २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि आपल्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली, तेव्हा कुस्ती खेळणारी मुलगी आता कोणाला कल्पनेतली वाटणार नाही.

आणि खलनायकाला शिंगं नकोत. मी पाहिलेला एकही तसा नव्हता. आमच्या विटा-खानापूर भागातले कितीतरी पुरुष गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेले असतात. घरं, शेतं, म्हातारी माणसं बायका सांभाळतात. अशा घरी ‘तुमच्या मालकांनी पाठवलंय’ म्हणत येणारा गोड बोलणारा माणूस असतो. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या चौदा वर्षांच्या पोरीचं लग्न कोपीतच, म्हणजे टोळीच्या झोपडीतच, उरकणारे असतात. मुलीचा फोटो बदलून तो व्हायरल करायची धमकी देणारा वर्गातलाच मुलगा असतो. २०१७ च्या मार्चमध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ स्त्रीभ्रूण सापडले, तेव्हा बंदोबस्तातल्या महिला पोलीस परत आल्यावर जेवू शकल्या नाहीत. त्या गोष्टीत खलनायक मशीनमागे बसलेला होता आणि त्याला पैसे देणारे चांगले कपडे घालून आलेले होते. असल्या गोष्टी लहान मुलांच्या पानावर कशा सांगायच्या, हे कसबी चित्रकाराचं काम आहे. प्रियाच्या कर्त्यांनी बलात्काराचं पान एकाही ओंगळ चित्राशिवाय निभावलंय, त्यावरून शिकता येईल.

असली कामं मुंबई-पुण्याकडे होतात असं आपण म्हणू नये. १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं ते पलूसजवळच्या किर्लोस्करवाडीतून. लोखंडी नांगर जिथे घडायचे त्या माळावरून शंकरराव किर्लोस्करांनी, जे स्वतः चित्रकार होते, महाराष्ट्रभरच्या बायकांच्या हातात मासिक दिलं.

ज्या वाचकांच्या पत्रावरून हे लिहिलं त्यांचा मला राग नाही. त्यांना मुलींची काळजी आहे, हे त्यांच्या पत्रात दिसतं. त्यांनी माझ्याकडची छापील पानं जरूर न्यावीत आणि घरी सगळ्यांबरोबर बसून वाचावीत.

मालिका सुरू करायचं ठरलं तर ठाण्यातला, पंचनाम्याचा, कलमांचा भाग चुकू नये म्हणून प्रत्येक हप्ता छपाईला जाण्याआधी मी तपासून देईन. मानधन नको. फक्त पान शुक्रवारपर्यंत हातात यावं, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळेल.

आपली वाचक,
एक निवृत्त महिला सहायक फौजदार,
विटा, जि. सांगली